बद्द वाजणारी भिंत

गिलाव्याचं काम मी शिकले ते एका माणसाला खोटं पाडण्यासाठी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. निवृत्तीनंतर काहीतरी छंद हवा, आपली कामं आपल्याला यायला हवीत, असली कारणं मी नंतर लोकांना सांगितली आणि लोकांनी कौतुकही केलं. खरं कारण वेगळं होतं. आमच्या सोसायटीचा मिस्त्री ज्या कामाला महिना मागतो ते चार दिवसांत उरकतं, अशी माझी पक्की खात्री होती आणि ती सगळ्यांसमोर सिद्ध करायची होती.

आमची इमारत डोंबिवलीतली, 1980 च्या दशकात बांधलेली, तळमजला अधिक चार. मी बँकेतून निवृत्त झाले आणि लगेच सोसायटीची सचिव झाले, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात आयुष्य गेलं. समोरचा माणूस काहीतरी लपवतोय असं धरूनच कागद वाचायची सवय. ती सवय मी सोसायटीत आणली आणि मिस्त्रीवर वापरली. इंजिनिअरवर नाही, वकिलावर नाही. त्यांच्याशी बोलताना माझा आवाज आपोआप मऊ व्हायचा.

माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर ‘मिस्त्री गळती’ या नावाने होता. कितीतरी वर्षं तो आमच्याकडे येत होता, मराठवाड्यातल्या कुठल्या तालुक्यातून आला हेही त्याने एकदा सांगितलं होतं, पण मी नाव विचारलं नव्हतं. चहा द्यायची, तो कागदी पेल्यात. ‘धुवायला बरं पडतं’ असं मी स्वतःला सांगायची. सोसायटीच्या ऑफिसात इतर सगळ्यांना कपबशी असायची आणि ती धुतलीही जायची. पैसे त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवायची. आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायची रीत होती. घमेल्याला पाय लागला तर आम्ही पाय झटकायचो. मी स्वतःला जातपात न मानणारी समजत आले. कागदी पेल्याचा हिशेब त्या समजुतीत कुठे बसतो, याचा विचार मी कधी केला नव्हता.

वाद झाला तो जिन्यातल्या भिंतीवरून. पहिल्या वळणावर, नोटीस बोर्डाच्या शेजारी, रंगाचे पोपडे सुटले होते आणि भिंतीला लोणा लागून पांढरी भुकटी येत होती. भिंतीच्या पलीकडे पहिल्या मजल्यावरच्या एका सभासदाचं न्हाणीघर. मिस्त्रीने जुना गिलावा ठोकून बघितला, सैल झालेला भाग काढला, नवा केला. मग म्हणाला, “मॅडम, वरचा नहाणी ट्रॅप आधी करून घ्या. आणि ही भिंत महिनाभर तशीच राहू द्या. सुकली की रंग.”

ऑगस्ट सुरू होता. गणपती त्याच जिन्याखाली बसतात. उघडी करडी भिंत आणि तिच्यासमोर मखर हे कमिटीला चालणार नव्हतं, मला तर मुळीच नाही. मी म्हटलं, महिनाभर कशाला, आठवड्यात लांबी भरून रंग मारा. त्याने पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा येण्याचे वेगळे पैसे लावायचा हा डाव आहे, असं मी सरळ त्याच्या तोंडावर म्हणाले. त्याच्या बिलात ‘पाणी मारणे’ अशी वेगळी हजेरी लावलेली होती. भिंतीवर पाणी शिंपडायचे कसले पैसे म्हणून तीही मी खोडली होती. शेवटी त्याने माझ्या म्हणण्याप्रमाणे केलं. गणपतीत भिंत छान दिसली. दिवाळीपर्यंत रंगाला फोड आले, संक्रांतीपर्यंत पोपडे खाली पडायला लागले. काम निकृष्ट, असा शेरा मारून मी त्याचा शेवटचा हप्ता अडकवून ठेवला. तो दोनदा मागायला आला, मग यायचा थांबला.

शिकवायला माणूस इमारतीतच मिळाला. बी विंगमध्ये आयटीआयचे एक निवृत्त शिल्प निदेशक राहतात. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा वर्षभराचा अभ्यासक्रम असतो हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. फिटर, इलेक्ट्रिशियन माहीत होते. गवंडीकाम कोणी शिकतं असं कधी वाटलंच नव्हतं. नाक्यावर उभं राहिलं की ते आपोआप येत असावं. मी सरांना माझा खरा हेतू सांगितला नाही. त्यांनीही विचारलं नाही, पण पहिल्या दिवशी थापी मागितली तेव्हा दिली नाही. हातात एक छोटी लाकडी मुठीची हातोडी दिली आणि म्हणाले, “आधी भिंती वाजवा.”

बाजारात माठ घेताना बोटांनी वाजवून बघतो, तसंच. मुठीच्या टोकाने हलकेच ठोकत जायचं. गिलावा विटेला धरून असेल तर आवाज खणखणीत येतो. मागे जागा सुटली असेल तर बद्द येतो. दिसायला दोन्ही जागा सारख्याच, कित्येकदा बद्द वाजणाऱ्या जागेवरचा रंगच जास्त चकचकीत. मी जिने, पार्किंग, गच्चीचा कठडा वाजवत फिरले. सभासदांना वाटलं मी काहीतरी वास्तुशांतीचा प्रकार करतेय. वर्षानुवर्षं ज्या भिंतींना टेकून मी सोसायटीच्या तक्रारी ऐकल्या होत्या, त्यातल्या निम्म्या जागा आतून सुटलेल्या होत्या.

मग पंपघराच्या मागच्या अर्धवट भिंतीवर सराव सुरू झाला. पहिला धक्का म्हणजे माल भिंतीला लावायचा नसतो, मारायचा असतो. मनगटाच्या झटक्याने थापीवरचा माल असा फेकायचा की तो विटेच्या खडबडीत अंगात घुसला पाहिजे. मी लावायला गेले. पोळीवर तूप पसरवण्याची सवय, दुसरं काय. सगळा माल सावकाश घसरत माझ्या चपलांवर आला. त्याआधी विटेला टाचे मारून ती खरवडायची, धूळ ब्रशने काढायची, आणि भिंत पाण्याने भिजवायची. कारण कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. पाणी घातल्यावर अर्ध्या तासात तो माल संपवायचा. म्हणून मिस्त्री माल थोडाथोडा कालवायचा! मी त्याला म्हणायची, एकदाच काय तो मोठा ढीग करून ठेवा, सारखं कालवण्यात वेळ घालवू नका.

सरांनी एकास चार सांगितलं होतं, एक भाग सिमेंट, चार भाग चाळलेली रेती. ते पाणी आणायला गेले तेव्हा मी गुपचूप सिमेंट जास्त घातलं. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत, ही माझी अक्कल. दुसऱ्या दिवशी त्या चौकोनभर केसासारख्या बारीक चिरा पडलेल्या. सर बघून नुसते हसले. सिमेंट जितकं जास्त तितकं सुकताना आकसणं जास्त. हातमोजे घालायचाही मला कंटाळा होता. ओलं सिमेंट अल्कधर्मी, कातडी खातं. बोटांची टोकं सोलवटली, काही दिवस चमच्याने जेवले. मिस्त्रीच्या बोटांना कायम चिकटपट्टी असायची, ती आठवली. तेव्हा ती मला अस्वच्छ वाटायची.

आणि पाणी. केलेला गिलावा आठवडाभर रोज दोन-तीनदा भिजवायचा. एखादी वेळ चुकली की कडा भुसभुशीत होतात. हे काम सर माझ्याकडूनच करून घेत. उन्हात पाइप धरून उभं राहायचं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. खोडलेली ती हजेरी मला पहिल्यांदा आठवली ती तिथे. तरी सांगते, तेवढ्याने माझं मत बदललं नाही. काम कष्टाचं आहे हे मान्य करणं सोपं असतं. कष्टाळू माणूसही लबाड असू शकतो, असं मी मनात म्हणत होते.

पुढच्या उन्हाळ्यात हात जरा बसला तशी मी कमिटीत जाहीर केलं की जिन्याची भिंत मीच करणार, आणि चार दिवसांत करून दाखवणार.

पत्रा घेऊन बसले. वरचा रंग नख लावलं तरी सोलून येत होता. त्याखाली लांबीचा थर. त्यावर अंगठा दाबला तर ती ओलसर पिठासारखी बोटाला आली. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. बघा, आतून सगळं पोकळ, असं बाजूला उभ्या असलेल्या खजिनदारांना म्हणालेसुद्धा. लांबी खरवडत गेले आणि तिच्याखाली मिस्त्रीचा गिलावा लागला. करडा, एकसारखा, गुरमाळ्याने गोल फिरवलेल्या हाताच्या खुणा अजून त्यावर होत्या. सर जिन्यात उभे होते. त्यांनी काही न बोलता हातोडी पुढे केली.

मी ठोकलं. खणखणीत.

थोडं वर ठोकलं, डावीकडे, खालच्या कोपऱ्यात. खणखणीत. मग मी जे केलं ते सांगायला अजूनही लाज वाटते. मी बद्द आवाज शोधायला लागले. वीत-वीत सरकत, एकेका जागी दोनदोनदा, मुठीने, मग नाण्याने. कुठेतरी तो सुटलेला असणारच, एक जागा मिळाली तरी पुरे. भिंत चांगली निघावी असं कोणालाही वाटायला हवं. सोसायटीचीच भिंत, सोसायटीचेच पैसे. मला मात्र ती वाईट निघायला हवी होती. स्टुलावर चढून वरच्या टोकाला अखेर एक तळहाताएवढी जागा बद्द वाजली आणि मी जवळजवळ ओरडलेच. सर चष्मा लावून जवळ आले, नखाने खरवडलं आणि म्हणाले, “हा त्याचा नव्हे. हा मूळचा. यावर नीरू आहे, बघा.” जुन्या गिलाव्यावरचा चुन्याचा तो गुळगुळीत पांढरा हात स्पष्ट दिसत होता. मिस्त्रीने जिथपर्यंत काम केलं तिथपर्यंत भिंत धड होती. जिथे त्याचा हात थांबला तिथून पुढे ती सुटली होती.

मी स्टुलावरून उतरले नाही लगेच. खाली बघितलं तर जमिनीवर जो ढीग पडला होता तो सगळा माझा होता. रंग मी निवडलेला, लांबी मी घाईने भरून घेतलेली. नव्या सिमेंट गिलाव्याला रंगाआधी साधारण चार आठवडे सुकू द्यावं लागतं, हे सरांनी मला शिकवून झालं होतं, मी वहीत लिहूनही घेतलं होतं. पण वहीतला तो नियम आणि या भिंतीवरचं ते भांडण ही एकच गोष्ट आहे, हे तोपर्यंत डोक्यात जुळलं नव्हतं. जुळू दिलं नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं.

बँकेची सवय, म्हणून मी कागद काढला. त्या वेळच्या कमिटी बैठकीचं इतिवृत्त. माझ्याच अक्षरात: मिस्त्रीने भिंत सुकेपर्यंत रंगकाम थांबवण्याची सूचना केली, तसेच वरील सदनिकेतील गळती प्रथम दुरुस्त करावी असे सांगितले, तथापि गणेशोत्सव जवळ आल्याने काम त्वरित पूर्ण करण्याचे ठरले. खाली माझी सही. कर्जाच्या फायलीत असा कागद सापडला असता तर मी अधिकाऱ्याला दारात उभं केलं नसतं.

दुसरी सूचनाही तपासायची होती. स्वच्छ प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून उघड्या गिलाव्यावर लावला आणि रात्रभर ठेवला. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला जमले तर ओल हवेतली. आतल्या, भिंतीकडच्या अंगाला जमले तर भिंतीतली. सकाळी थेंब आत होते. नहाणी ट्रॅप तसाच गळत होता. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाच्या न्हाणीघरातली गळती त्याने स्वतः दुरुस्त करायची असते, गच्ची आणि बाहेरची भिंत सोसायटीने. वरचे सभासद माझ्या ओळखीचे, त्यांच्याशी वाईटपणा नको म्हणून मी तो विषय दोन वर्षं टाळला होता. वाईटपणा घ्यायला मिस्त्री होताच.

चार दिवसांची पैज तिथेच संपली. भिंत मी उघडी ठेवली.

त्या दिवसांत आजीची आठवण झाली, आणि ती काही गोड नव्हती. वाईजवळच्या गावात तिचं मातीच्या भिंतींचं घर होतं. पाऊस सरला, भिंती सुकल्या की दिवाळीआधी ती स्वतः डागडुजी करायची. पांढरी माती, शेण, भुसा कालवून दोन दिवस मुरवायची. भुसा घातला की माती आकसली तरी तडकत नाही. भेग आधी खरवडून रुंद करायची, पाणी शिंपडायची, मग माती दाबून भरायची. सरांनी मला जे शिकवलं त्यातलं बरंचसं हेच. मी लहानपणी शेजारी बसून हे बघितलेलं आहे. पण ते ‘बायकांचं सारवण’ होतं, त्याला मी विद्या कधी म्हटलंच नाही. आजीला कोणी श्रावणात भिंत लिंपायला सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

भिंती वाजवत फिरण्याचा एक परिणाम मात्र गंभीर झाला. पार्किंगमधल्या एका तुळईच्या तळाला काँक्रीटचा पापुद्रा सुटला होता आणि आत गंजलेली सळई दिसत होती. त्या जागी पूर्वी एकदा मी लांबी भरून रंग मारून घेतला होता, ‘चांगलं दिसत नाही’ म्हणून. मी थापी घेऊन निघाले तर सरांनी हात धरला. “सळई दिसली की आपलं काम संपलं.” गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्या कितीतरी पट जागा मागतं आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतं. वरून माल लावला तर आतला गंज झाकला जातो, थांबत नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं असतं, तेही आमचं राहिलेलं. ते आता झालं आहे, अहवाल सुखाचा नाही, आणि त्यावर कमिटीत रोज भांडणं चालू आहेत. तो वेगळाच विषय.

मिस्त्रीला फोन करायला मला बरेच दिवस लागले. धीर होत नव्हता एवढंच. तो आला. अडकवलेला हप्ता आणि खोडलेल्या हजेरीचे पैसे मी त्याच्या हातात दिले, इतिवृत्त वाचून दाखवलं, चूक माझी होती असं म्हटलं. मनातल्या मनात मी एक प्रसंग रंगवून ठेवला होता, त्यात तो ‘जाऊ द्या मॅडम’ म्हणणार होता. त्याने नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या आणि म्हणाला, “तेव्हा लागत होते.” बस. चहा कपात दिला होता. तो त्याच्या लक्षात आला की नाही मला माहीत नाही, आणि विचारण्यासारखं ते नव्हतं. नाव विचारलं, ते फोनमध्ये नीट घातलं. इथे छापत नाही, कारण त्यासाठी त्याला विचारलेलं नाही.

मग मी त्याला जिन्यात घेऊन गेले. वरचा तो मूळचा बद्द तुकडा काढून मी स्वतः केलेला गिलावा दाखवायचा होता. शाबासकीची आशा होती, नाकारत नाही. त्याने बोटांच्या सांध्यांनी दोन-तीन ठिकाणी ठोकलं. उजव्या कोपऱ्यात थांबला, पुन्हा ठोकलं. “इथे धूळ राहिली खाली. एवढं काढा.” बाकीच्याबद्दल तो काही बोलला नाही. मी ते चांगलं आहे असं समजले.

वरच्या सभासदांना सोसायटीची रीतसर नोटीस गेली होती आणि ते तयार झाले होते. नहाणी ट्रॅप काढून नवा बसवणं, आजूबाजूच्या लाद्या, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून चाचणी. मिस्त्रीने सगळं बघितलं आणि आकडा सांगितला. आणि माझ्या तोंडून, विचार करायच्या आत, निघून गेलं, “जरा जास्त होतात हो.”

त्याने माझ्या बोटांकडे बघितलं, सोललेली साल अजून गेली नव्हती. “मग तुम्हीच करा की मॅडम,” तो म्हणाला, “आता येतंय तुम्हाला.”

दर त्याने सांगितला तोच ठरला. सोमवारी काम सुरू होईल. पाणी मारायची हजेरी बिलात वेगळी लावा, असं मी सांगितलंय.